कर्कवॉल ते सम्बरा, पस्तीस मिनिटं

टिपणीसकाकांच्या घरी राहायला गेले त्या दिवशी त्यांनी मला चहा करायला सांगितला आणि खिशातून स्टॉपवॉच काढलं.

मला वाटलं, गंमत करताहेत. चहा झाला. त्यांनी घड्याळ थांबवलं, चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "सहा पूर्णांक दोन. त्यातलं एक मिनिट तू साखर शोधण्यात घालवलंस. ती तुझी चूक नाही. साखर डावीकडच्या कपाटात असते. उद्यापासून पाच पूर्णांक दोन."

"आणि नाही जमलं तर?"

"तर चहा मी करीन. मला चार पूर्णांक आठ लागतात."

ही सप्टेंबर २००५ ची गोष्ट. मी पुण्यात मराठी घेऊन एम.ए. केलं होतं आणि एका वर्षाच्या कोर्ससाठी कॉव्हेंट्रीला आले होते. मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी सांगितलं, पुरुषोत्तम टिपणीस म्हणून आहेत, एकटेच असतात, मागची खोली रिकामी आहे. माणूस सरळ आहे, फक्त मोजतो. मोजतो म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

काका तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. १९७१ साली मुंबईहून आले आणि पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. कामगाराच्या मागे दोन पावलांवर उभं राहायचं. हातात फळी, फळीवर कागद, फळीच्या कोपऱ्यात अडकवलेलं घड्याळ. समोरचा माणूस नट उचलतो, बसवतो, आवळतो, बाजूला ठेवतो. प्रत्येक हालचालीची वेळ लिहायची. शेवटी ठरवायचं, की या कामाला माणसाला किती मिनिटं लागायला हवीत. त्यावरून वरचे लोक ठरवणार, की कामाच्या त्या बाकावर किती माणसं हवीत.

"रेट-फिक्सर म्हणायचे मला," काका म्हणाले. "समोर. मागे काय म्हणायचे ते तुमच्या एम.ए.ला नसेल."

नुसती वेळ लिहून भागत नाही, हे त्यांनी मला स्वयंपाकघरात समजावलं. मी पोळ्या लाटत होते. माणूस मुद्दाम रेंगाळत असेल. किंवा मागे कुणी उभं आहे म्हणून घाईघाईनं करत असेल. म्हणून वेळेशेजारी आणखी एक आकडा लिहायचा, त्याच्या वेगाचा. शंभर म्हणजे सराईत हात, जसा असायला हवा तसा. ऐंशी म्हणजे ढिला. ऐंशीवाल्याला एक मिनिट लागलं, तर काम खरं अठ्ठेचाळीस सेकंदांचं. उरलेली बारा सेकंदं त्याची सुस्ती.

"हे कुठलं यंत्र सांगतं?"

"यंत्र नाही. डोळा."

"डोळा चुकला तर?"

"चुकत नाही."

"मग मी किती?"

"सत्तर."

"काका."

"बरं, पंच्याहत्तर. पीठ घट्ट आहे म्हणून. पाहुणी आहेस म्हणून नाही."

मी विचारलं, शंभर कधी कुणाला दिलेत का. ते तव्याकडे बघून म्हणाले, "सुलक्षणाला. पोळ्यांचे." सुलक्षणाकाकू १९९७ साली गेल्या होत्या. मी एवढंच ऐकलं होतं.

मुलाबद्दल मी काहीच ऐकलं नव्हतं. वरच्या मजल्यावर एक खोली बंद असायची. मी विचारलं नाही. फेब्रुवारीत एक पत्र आलं. काकांनी ते उभ्यानंच वाचलं, जेवणाच्या टेबलावर घड्याळाखाली ठेवलं आणि जेवले. ताट उचलताना म्हणाले, "वाच."

इंग्रजीत एक पान होतं. लिहिणारा अनुप, त्यांचा मुलगा. तो स्कॉटलंडच्या उत्तरेला, शेटलंड बेटांवर सम्बरा नावाच्या विमानतळावर आगीच्या बंबावर काम करत होता. ब्रिटनच्या नकाशात शेटलंड बहुतेक वेळा एका चौकटीत भलतीकडेच छापतात, कारण खऱ्या जागी ठेवलं तर कागदावर मावत नाही. पत्रात लिहिलं होतं, की त्याला पार दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांच्या विमानतळावर काम मिळालं आहे, अठरा महिन्यांसाठी. १८ मे हा सम्बऱ्याला शेवटचा दिवस. पाळी बारा वाजता संपेल. संध्याकाळी साडेपाचच्या बोटीनं तो अ‍ॅबरडीनला जाईल आणि तिथून पुढे. तुम्हाला माहीत असावं म्हणून कळवतोय. यायचं असेल तर त्या दिवशी या.

खाली, सही करून झाल्यावर, आणखी दोन ओळी होत्या. इथे धुकं फार असतं. धुकं आलं की एकानं ठरलेल्या जागी उभं राहून धावपट्टीच्या कडेचे दिवे मोजायचे असतात. किती दिसतात त्यावरून विमान उतरवायचं की नाही ते ठरतं. बहुतेक वेळा ते काम मला देतात.

"मोजतो म्हणे," काका म्हणाले. पत्राची घडी त्यांनी मूळच्या घडीवरच घातली.

मग त्यांनी सांगितलं. सगळं एका दमात नाही, दोन-तीन संध्याकाळी मिळून.

अनुप वीस वर्षांचा असताना त्याच कारखान्यात बाकावर लागला होता. पाच माणसांचा बाक. शेजारी डेरेक नावाचा चौपन्न वर्षांचा माणूस बसायचा, त्यानं अनुपला काम शिकवलं. २००० साली कारखान्याला माणसं कमी करायची होती आणि त्या बाकाचा टाइम स्टडी करायला काकांनाच पाठवलं. काकांनी साहेबांना सांगून पाहिलं, की माझा मुलगा आहे तिथे. साहेब म्हणाले, तुमच्यावर विश्वास आहे. काका दोन दिवस अनुपच्या मागे दोन पावलांवर उभे राहिले. वेगाच्या रकान्यात त्यांनी ऐंशी लिहिले. पाचाचा बाक तिघांचा झाला. अनुप गेला, कारण तो सगळ्यात नवा. डेरेक गेला, कारण त्याचे गुडघे. डेरेकला नंतर कुठे नोकरी लागली नाही.

तो कागद अनुपनं पाहिला होता. घरी येऊन त्यानं विचारलं, ऐंशी? काका म्हणाले, मी जे पाहिलं ते लिहिलं. अनुप म्हणाला, लहानपणापासून तुम्ही मला ऐंशीच देत आलात. बॅग भरून गेला. सहा वर्षांत चार नाताळकार्डं, आणि आता हे पत्र.

"जाणार ना?" मी विचारलं.

"जायला हवं. मला त्याला एक सांगायचंय." काय, ते सांगितलं नाही. "तू चल. तू असलीस तर मधे बोलायला कुणीतरी असेल. ते काम सुलक्षणा करायची."

तिकिटं मी काढली, लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर. काका शेजारच्या खुर्चीत होते. एडिनबरापर्यंत प्रश्न नव्हता. तिथून दोन मार्ग होते. एक थेट सम्बऱ्याला, आदल्या दिवशी संध्याकाळी पोचणारा. दुसरा ऑर्कनी बेटांवरच्या कर्कवॉलला. तिथे रात्र काढायची आणि सकाळी दहा चाळीसच्या विमानानं सम्बरा. काका म्हणाले, "बारानंतर तो मोकळा. चारपर्यंत निघेल. चार तास खूप झाले. सहा वर्षांत तो माझ्याशी चार मिनिटं बोललेला नाही. आदल्या दिवशी जाऊन काय करायचं? कर्कवॉलचं बघ."

मी दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि वेळ सांगणारं एक पान उघडलं. सरळ रेषेत पंच्याऐंशी मैल, प्रवासाची वेळ पस्तीस मिनिटं. काकांनी त्या पानाचा प्रिंट काढायला लावला.

"यात सूट धरलीय का?"

"कसली?"

"अडचणींची. प्रत्येक कामात धरावी लागते. पाच टक्के." त्यांनी पेन्सिलीनं पस्तीसशेजारी लिहिलं, छत्तीस पूर्णांक पंचाहत्तर.

आदल्या संध्याकाळच्या थेट विमानात दोन जागा शिल्लक होत्या. स्क्रीनवर तसं लिहिलेलं होतं. मला वाटलं, आपण म्हणावं, काका, एक दिवस हाताशी ठेवूया. मी म्हटलं नाही. ते मोजण्यात कधी चुकत नाहीत, असं तोपर्यंत मलाही वाटायला लागलं होतं.

१७ मे रोजी दुपारी आम्ही कर्कवॉलला पोचलो. ज्या घरी उतरलो तिथल्या बाईंनी चार वाजताच चहा आणि गोडसर पावासारखे गरम स्कोन ठेवले. काकांनी घड्याळ काढलं नाही. चहा निवला. नंतर आम्ही बंदरावर जाऊन बसलो. ऊन होतं, वारा होता, एक माणूस बोटीचं बूड खरवडत होता. काका त्याच्याकडे बघत होते.

"किती?" मी विचारलं.

"पंच्याण्णव." मग थोड्या वेळानं, "निधी, ते ऐंशी खोटे होते."

मला आधी वाटलं, ते बोटवाल्याबद्दल बोलताहेत.

"अनुप शंभरानं काम करत होता. दोन्ही दिवस. इतका स्वच्छ हात मी त्या कारखान्यात क्वचित पाहिला. पण मी शंभर लिहिले असते तर सगळे म्हणाले असते, बापानं पोराला सांभाळलं. नव्वद लिहिले असते तरी म्हणाले असते. मी पेन टेकवलं आणि ऐंशी लिहिले. कुणी काही म्हटलं नाही. साहेब म्हणाले, तुम्ही फार सरळ आहात."

बोटवाला उठून हात पुसू लागला.

"शंभर लिहिले असते तर एकच गेला असता, चौघं राहिले असते," काका म्हणाले. "डेरेक राहिला असता. मी हिशेब केलाय. पुष्कळदा केलाय."

घरात कुणी ओरडून बोलत नव्हतं, कुणी कुणावर हात उचलला नव्हता. एका रकान्यात एक आकडा चुकीचा लिहिला गेला होता, आणि तो लिहिणाऱ्याला सरळपणाबद्दल शाबासकी मिळाली होती.

"उद्या हेच सांगायचंय?"

"हेच. अकरा मिनिटं लागतात. मी आरशासमोर तीनदा करून पाहिलं."

"अनुप काय म्हणेल?"

"त्याचा वेळ मी धरलेला नाही. तो त्याचा."

सकाळी कर्कवॉलला आकाश निळं होतं. विमान छोटं होतं, तीसेक माणसांचं, दोन पंखे असलेलं. काका खिडकीशी बसले. चाकं सुटली तेव्हा त्यांनी घड्याळ दाबलं. मला म्हणाले, "बोलू नकोस, मी मनात म्हणून घेतो." ओठ हलत होते. पहिली वीस मिनिटं खाली समुद्र होता. मग समुद्र दिसेनासा झाला. त्याच्या जागी पांढरं काहीतरी पसरलं होतं, अगदी सपाट, वरून ऊन पडलेलं. सुंदर होतं. मला तेव्हा कळलं नाही की ते काय आहे.

पस्तिसाव्या मिनिटाला आम्ही उतरत नव्हतो. वळत होतो. पायलटनं सांगितलं, सम्बऱ्यावर समुद्रावरून धुकं आलं आहे, आपण थोडं थांबून बघू. विमान एकदा वळलं, पुन्हा वळलं. पांढऱ्यातून एकदा दीपगृहाचं टोक वर आलं आणि गेलं. काका म्हणाले, "ते सम्बऱ्याचं." त्यांनी नकाशा पाठ केला होता. त्या पांढऱ्याखाली कुठेतरी अनुप होता. सरळ खाली मोजलं तर एखादा मैलही नसेल.

वीस मिनिटांनी पायलट पुन्हा बोलला. जमिनीवरून नुकतीच मोजणी आली आहे, ती मर्यादेच्या खाली आहे. आपल्याला कर्कवॉलला परत जावं लागेल. मला वाईट वाटतं.

पुढच्या सीटवरचा माणूस हळूच शिवी देऊन पेपर उघडून बसला. सवयीचं असावं.

काका खिडकीतून बघत होते. मग म्हणाले, "मोजणी अनुपची असणार."

"दुसरा कुणी असेल काका."

"शेवटची पाळी आहे. त्यालाच दिलं असणार."

कर्कवॉलला चाकं टेकली तेव्हा त्यांनी घड्याळ थांबवलं. ब्याऐंशी पूर्णांक चार. जिथून निघालो होतो तिथेच.

पुढचा प्रयत्न अडीच वाजता होईल, धुकं उठलं तर, असं सांगितलं. काउंटरवर एक जाडसर, साठीच्या बाई होत्या, छातीवर नाव लिहिलेलं, मेव्हिस. मी त्यांना सांगितलं, की यांचा मुलगा सम्बऱ्याला बंबावर आहे आणि आज बेट सोडून जातोय. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. फोन उचलला, कुणाशी तरी दोन वाक्यं बोलल्या आणि रिसीव्हर काउंटरवरून काकांपुढे धरला. काकांना कमी ऐकू येतं आणि कानातलं यंत्र फोन टेकला की शिट्टी मारतं, म्हणून ते फोन कानापासून थोडा लांब धरतात. मी शेजारीच होते. मला सगळं ऐकू आलं. लांब सरकावं असं वाटलं, पण काकांनी माझी बाही धरली होती.

"बाबा?"

"अनुप."

"तुमचा विमान परत गेली. मी खाली होतो. वर आवाज येत होती, दोनदा."

"हो. दोनदा वळलो आम्ही."

"सॉरी, बाबा. मी... आय वॉज रेडी अँड एव्हरीथिंग. मी केक आणलेला."

काकांनी मान हलवली, जणू तो समोर आहे. मग विचारलं, "किती दिवे दिसले?"

"काय?"

"दिवे. किती?"

"दहा. तेरा पाहिजे."

"मोजले कुणी?"

"मीच. मी लिस्ट पाहिला होता सकाळी. माहीत होतं तुम्ही वर आहे."

इथे काकांनी थांबायला हवं होतं. मला ते तेव्हाही कळत होतं. त्यांचा हात माझ्या बाहीवर घट्ट झाला.

"नक्की दहाच होते? की मी विमानात आहे म्हणून तू..."

ते काय विचारत होते, ते मला माहीत होतं. आदल्या दिवशी बंदरावर बसून त्यांनी मला ते सांगितलं होतं. अनुपला अकरा, बारा, कदाचित तेराही दिवे दिसले असतील, आणि बापासाठी विमान उतरवलं असं कुणी म्हणू नये म्हणून त्यानं दहा सांगितले असतील, ही भीती त्यांना वाटत होती. आपली खोड पोरात उतरली की काय, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पण अनुपला ते कुठून कळणार? त्याला बंदर माहीत नव्हतं. त्याला फक्त मागे दोन पावलांवर उभा असलेला माणूस माहीत होता.

फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत राहिला.

"बाबा, मी तीन वेळा मोजला. थ्री टाइम्स. दहा." त्याचा आवाज चढला नाही. "तुम्ही अजून माझा काम चेक करताय."

"तसं नाही रे. मला म्हणायचं होतं, की तेव्हा मी..."

"इट्स फाइन. नीट जा घरी, बाबा."

फोन बंद झाला. काकांनी रिसीव्हर परत दिला आणि थँक यू म्हणाले. आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर येऊन बसलो. अकरा मिनिटांतलं एक वाक्यही झालं नव्हतं.

मी म्हटलं, "पुन्हा लावून द्यायला सांगू?"

"काय बोलू?"

"तेच. बंदरावर मला सांगितलंत ते."

"तुला सांगताना सोपं होतं. तू माझी कुणी नाहीस." हे ते लागेल असं बोलले नाहीत. माहिती सांगावी तसं बोलले.

एक वाजला. दीड वाजला. बाहेर कर्कवॉलचं ऊन तसंच होतं. दोनला दहा मिनिटं असताना पाटीवर अक्षरं फिरली. अडीचचं विमान रद्द. पुढे त्या दिवशी काही नव्हतं. साडेपाचला अनुपची बोट होती.

काका उठले. काउंटरपाशी गेले. मी मागे गेले, दोन पावलांवर, आणि मग माझं मलाच कसंसं होऊन त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

त्यांनी मेव्हिसबाईंना इंग्रजीत विचारलं, मुलासाठी एक निरोप देता येईल का. त्या म्हणाल्या, हो, तो निघायच्या आत पोचवते. मी सांगू, की फोनवर तुम्हीच बोलता?

"बोलण्यात मी चुकतो," काका म्हणाले. "तुम्ही लिहून घ्या. माझा आकडा चुकीचा होता. खरा आकडा शंभर आहे."

मेव्हिसबाईंनी पिवळ्या कागदावर लिहिलं. मग विमानतळावरच्या लोकांना सवय असते तसं त्यांनी ते वाचून दाखवलं. "माझा आकडा चुकीचा होता. खरा आकडा शंभर. शंभर काय? मीटर?"

"काही नाही. नुसते शंभर. त्याला कळेल."

"कुठल्या दिवसाचा, असं विचारलं तर?"

काकांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "दोन्ही दिवसांचा," ते म्हणाले.

त्यांनी तेही लिहिलं. मग काचेच्या मागच्या खोलीत जाऊन फोन लावला. आम्हाला त्या दिसत होत्या, ऐकू येत नव्हत्या. कागदाकडे बघून त्या बोलल्या. थांबल्या. पुन्हा कागदाकडे बघून बोलल्या. बऱ्याच वेळानं फोन ठेवला आणि बाहेर आल्या.

"मिळाला त्याला," त्या म्हणाल्या.

"काय म्हणाला?"

"काही नाही. पुन्हा वाच म्हणाला. मी पुन्हा वाचलं. मग म्हणाला, मिळाला."

"दोनदा वाचायला लावलं?"

"दोनदा."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "आकडा दोनदा घ्यावा."

ते इंग्रजीतच बोलले, पण नेहमीच्या आवाजात नाही. मेव्हिसबाईंनी तो पिवळा कागद घडी करून काकांना दिला. का दिला, कोण जाणे. आम्ही तीही रात्र त्याच घरी काढली आणि दुसऱ्या दिवशी एडिनबरावरून बर्मिंगहॅमला, आणि तिथून ट्रेननं घरी आलो. वाटेत काकांनी मला सँडविच खायला लावलं, तिकिटं नीट ठेवलीस का विचारलं, बाकी काही नाही.

नंतरचे चार महिने मी त्याच घरात होते. पोस्टमन साडेनऊला येतो. काका नऊपासून पुढच्या खोलीत बसायचे, पेपर घेऊन. फॉकलंडहून टपाल यायला किती दिवस लागतात, ते त्यांनी पोस्टात जाऊन विचारून आणलं होतं. दहा ते चौदा. मे गेला. जून गेला. ते मोजत होते, पण मोठ्यानं नाही. चहाची वेळ ते आता लावत नसत. एकदा मीच म्हटलं, "काका, किती झाली?" ते म्हणाले, "चांगला झालाय." तेव्हा मला खरं घाबरायला झालं.

ऑगस्टमध्ये एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "त्यानं दोनदा का वाचायला लावलं असेल?"

मला पुष्कळ उत्तरं सुचली. साहित्य शिकलेल्या माणसाला अशी उत्तरं सुचतातच. विश्वास बसला नसेल. पुन्हा ऐकावंसं वाटलं असेल. आवाज नीट येत नसेल. बापासारखाच असेल. मी त्यातलं एकही बोलले नाही. "माहीत नाही, काका."

"हं," ते म्हणाले. "मलाही नाही."

सप्टेंबरात माझा कोर्स संपला. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी खोली आवरत होते. काका दारात उभे होते. गादीखालच्या फाइलीतून तो प्रिंट निघाला. कर्कवॉल ते सम्बरा, पंच्याऐंशी मैल, पस्तीस मिनिटं, शेजारी पेन्सिलीनं छत्तीस पूर्णांक पंचाहत्तर. मला राहवलं नाही. चार महिने मनात होतं ते मी बोलून टाकलं.

"काका, आदल्या संध्याकाळच्या थेट विमानात दोन जागा होत्या. मला दिसल्या होत्या. मी तुम्हाला म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. आपण आदल्या दिवशीच पोचलो असतो."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. चष्मा वर करून वाचला.

"मी शेजारीच बसलो होतो, निधी," ते म्हणाले. "स्क्रीन मला दिसत होता."

मी हातातली फाइल गादीवर ठेवली.

"दोन जागा होत्या. सात वाजून दहाला पोचणारं विमान. मी वाचलं होतं." त्यांनी कागदाची घडी घातली. "मला एक रात्र पस्तीस मिनिटं लांब राहायचं होतं. जवळ जायची तयारी झाली नव्हती. ते मी धरलंच नाही, त्या पाच टक्क्यांतही."

खाली दाराच्या फटीतून काहीतरी पडल्याचा आवाज झाला. काका जिन्याकडे वळले. कठडा धरून, एकेक पायरी, जेवढ्या वेगानं उतरता येईल तेवढ्या वेगानं ते उतरले. मी वरून बघत होते. दुपारचे दोन वाजले होते. त्या वेळी टपाल येत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. पिझ्झावाल्याचं पत्रक होतं. त्यांनी ते उचललं, मागची बाजूही वाचली आणि टेबलावर घड्याळाखाली ठेवलं.